चेरी पेल्याच्या मधोमध!

महाराजांचे बोट पेल्यात अडकले होते!

आणि तेही भर मेजवानीत. कुंभेरी संस्थानच्या गजेंद्रराव महाराजांनी विलायतेहून एक नवीच हौस आणली होती. काचेच्या उंच, अरुंद पेल्यात सरबत आणि त्यात साखरेत मुरवलेली एक लालचुटूक चेरी! सरबत संपले, चेरी तळाशी राहिली. ती काढायला महाराजांनी बोट घातले आणि बोट काही बाहेर येईना. शेवटी केशवभट आचारी तुपाची वाटी घेऊन धावले, दोघा हुजऱ्यांनी पेला धरून ओढला. ‘पॉक्’ असा आवाज झाला आणि सगळे सरदार हसू दाबत एकदम छताकडे पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी मुरंबेखान्यातल्या येसूने पाक कमी मुरलेली, हलकी चेरी पाठवली. ती सरबतावर छान तरंगली. महाराजांनी पेला तोंडाला लावताच ती सरळ मिशीला जाऊन भिडली. पांढरीशुभ्र मिशी एका बाजूने लाल!

“बोलवा त्या येसूला!”

येसू डोंगरावरच्या धनगरवाड्याची. मागे विलायती चेरीची बरणी रिकामी झाली तेव्हा ‘आता काय?’ म्हणून सगळे हात चोळत बसले होते. येसूने डोंगरातली हिरवी करवंदे आणली, केसांतल्या आकड्याने बिया काढल्या, चुन्याच्या निवळीत बुडवून ती कडक केली, उकडली, रंगवली आणि सात दिवस पाकात मुरवली. महाराजांना फरक कळला नाही. मुरंबेखान्यातली ती जागा येसूने अशी मिळवली होती.

“खाली गेली तर माझं बोट जातं, वर आली तर मिशी जाते!” महाराज गरजले. “उद्या वडवलीचे राजेसाहेब येताहेत. चेरी पेल्याच्या मधोमध पाहिजे. अधांतरी!”

“अधांतरी, सरकार?”

“अधांतरी! दोरा नाही, काडी नाही. साखर, पाणी आणि चेरी. चौथी वस्तू दिसली तर मुरंबेखान्याला कुलूप, आणि तू तबेल्यात घोड्यांचे हरभरे भिजवायला!”

“साखर किती घालायची, सरकार?”

“साखरेला कुणी अडवलंय? पोतं घाल!”

“मग झालंच म्हणायचं,” येसू म्हणाली आणि निघाली. झालंच म्हणजे काय झालं, हे मात्र तिलाही ठाऊक नव्हते!

मुरंबेखान्यात केशवभट डोळे पुसत बसले होते. “येसू, हरभरे भिजवणं सोपं असतं हो. मी शिकवीन तुला.”

येसूचे लक्ष मात्र फळीवरच्या सात बरण्यांकडे होते. पहिल्या दिवसाचा पाक पाण्यासारखा पातळ, मग रोज थोडा थोडा घट्ट. घाई करून एकदम घट्ट पाक ओतला की करवंद सुकून चिपाड होते. चौथ्या बरणीतल्या फळांना तिने सकाळीच मधासारखा पाक घातला होता, आणि ती सगळी वर येऊन डोकी काढून बसली होती. येसूने त्यातले एक उचलून पाण्याच्या घंगाळात टाकले. टुपकन तळाशी!

येसू पोट धरून हसू लागली.

“वेड लागलं हिला!” भटजी ओरडले.

“भटजी, उद्या मी सांगेपर्यंत पाय आपटायचा नाही, हसायचं नाही आणि शिंकायचं तर मुळीच नाही!”

झाले! त्या क्षणापासून भटजींचे नाक हुळहुळू लागले.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. येसू दोन्ही हातांत पेला धरून, अंड्यांवरून चालावे तशी चालत आली. तिच्या मागे भटजी, नाक चिमटीत धरून. पेला चौरंगावर ठेवला गेला.

चेरी मधोमध! खाली नाही, वर नाही. दिवा टांगावा तशी!

“दोरा असणार,” वडवलीचे राजेसाहेब डोळे बारीक करून म्हणाले.

“शोधा, सरकार,” येसू म्हणाली.

राजेसाहेबांनी चमच्याने चेरी हळूच खाली दाबली. ती वर आली. वर उचलून सोडली, ती खाली गेली आणि पुन्हा मधोमध येऊन डुलू लागली. राजेसाहेबांनी पेल्याभोवती प्रदक्षिणाच घातली!

“चेटूक आहे हे!”

“साखर आहे, सरकार. खाली निम्मा पेला घट्ट पाक, त्यावर पळीच्या पाठीवरून हळूहळू सोडलेलं पाणी. चेरी चौथ्या दिवसाची, अर्धी मुरलेली. पाकापेक्षा हलकी, म्हणून खाली जात नाही. पाण्यापेक्षा जड, म्हणून वर येत नाही. बिचारी जाणार कुठं?”

दरबार खदखदून हसला. पण महाराज हट्टी! त्यांनी लांब चमचा उचलला. “असं होय? मग मी हे ढवळतो! बघू कुठं राहते तुझी चेरी!”

भटजींनी डोळे मिटले.

“खुशाल ढवळा, सरकार,” येसू हात जोडून म्हणाली. “पाक-पाणी एक होईल आणि चेरी तळाशी जाईल. मग ती काढायला बोट तेवढं सरकारांचंच लागेल! तूप आणून ठेवू?”

महाराजांनी चमच्याकडे पाहिले. पेल्याच्या अरुंद तोंडाकडे पाहिले. मग आपल्या बोटाकडे पाहिले आणि ते पटकन मुठीत लपवले! आणि असे हसले, असे हसले, की पागोटे मांडीवर आले.

“मुरंबेखाना आजपासून येसूच्या हुकमतीत!” डोळे पुसत ते म्हणाले. “डोंगरावरची सगळी करवंदं तिची, आणि हातात सोन्याच्या पाटल्या! बोल, आणखी काय हवं?”

“काही नको, सरकार. भटजींना शिंकायची परवानगी द्या!”

परवानगी मिळाली. अशी काही शिंक आली, की चेरी पेल्यात तीनदा नाचली आणि पुन्हा मधोमध येऊन थांबली!