कान्हू तांडेलाचं पान

"...सगळं सुटलं, महाराज. मग हेच का सुटत नाही?"

त्र्यंबकरावांनी पुन्हा विचारलं.

निरंजनबुवा धुनीतली राख सारखी करत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय म्हणालास?"

बुवांना ऐकू कमी येत होतं अशातला भाग नाही. कुणाचा प्रश्न अजून कच्चा आहे असं वाटलं की ते बहिरे होत, एवढंच.

आता हे त्र्यंबकराव देवस्थळी म्हणजे साधी असामी नव्हे. कॉलेजात उभी हयात वेदान्त शिकवलेला माणूस. वर्गात शिरले की बाकावरची पोरं श्वास रोखायची. निवृत्तीनंतर घर पुतण्याच्या नावावर केलं, पेन्शन मठाला लावून दिली आणि या निमदऱ्याच्या डोंगराखाली येऊन राहिले. दीक्षा मागितली. बुवा म्हणाले, बघू. बघू बघू करता वर्षं गेली, आणि आज तो दिवस उजाडला होता. चौरंगावर भगवी छाटी घडी घालून ठेवली होती. ऊन धुनीच्या ओट्याला टेकायच्या आत विधी उरकायचा होता.

पण मठाची एक रीत होती. भगवं अंगावर घेण्याआधी माणसानं आपली न सुटलेली एक वस्तू स्वतःच्या हातानं धुनीत द्यायची. कुठली, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. कुणी लबाडी केली तर बुवा रागवत नसत. नुसते हसत, आणि ते हसणं त्या माणसाला महिनाभर नीट जेवू देत नसे. एकानं तपकिरीची डबी आणली होती. एका मामलेदारांनी साहेबी टोपी आणली आणि टाकताना लहान मुलासारखे रडले.

त्र्यंबकरावांनी आणलं होतं एक पुस्तक.

पुस्तक म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, असेल एखादं जाडजूड भाष्य. छे! 'कान्हू तांडेल आणि दिव्याचं बेट.' मुलांचं. चित्रांचं. वर होडीत उभा असलेला एक पोरगा, डोक्याला लाल रुमाल. कान्हूच्या सफरींचे पुष्कळ भाग होते. बाकीचे घर सोडताना त्यांनी वाटून टाकले. हा एक तेवढा झोळीच्या तळाशी आला. चुकून आला, असं ते स्वतःला सांगत.

आणि दुपारी मठातली माणसं आडवी झाली की गोठ्यामागे बसून वाचत. साठी उलटलेला वेदान्ताचा प्राध्यापक, चोरून बिडी ओढावी तसा!

"लाज वाटते का?" बुवांनी विचारलं.

"वाटते."

"मग टाक की. धुनी पेटलेलीच आहे."

त्र्यंबकरावांचा हात पुढे झाला... आणि अर्ध्यावर राहिला.

"टाकीन, महाराज. पण आधी कळायला हवं. न कळता सोडलं तर ते सोडणं कसलं?"

"बरं बाबा. तुझं तू काय ठरवलंयस?"

झालं! बुवांनी नको तिथे बोट लावलं. त्र्यंबकरावांनी चटईवर बैठक सरळ केली, घसा खाकरला. पुढ्यात पन्नास पोरं बसली आहेत असा आवाज लागला.

"माणूस मोठेपणी अनिश्चिततेत जगतो. उद्या काय होईल, ठाऊक नसतं. लहानपणच्या पुस्तकात मात्र सगळं ठरलेलं. वादळ येणार, होडी कलंडणार, पण कान्हू बुडणार नाही. त्या खात्रीसाठी आपण परत परत तिथे जातो."

"असेल."

"शिवाय, तेव्हाचे आपण त्या पानांत राहून गेलेले असतो. आपण आपल्यालाच भेटायला जातो."

"असेल, असेल."

"तिसरं असं की..."

"पाठ आहे?"

"काय?"

"हे तुझं पुस्तक. पाठ आहे का?"

"अक्षर न् अक्षर!" म्हणताना त्र्यंबकरावांच्या मानेला जरासा ताठा आलाच.

"मग मिट ते. म्हणून दाखव."

त्र्यंबकरावांनी पुस्तक मांडीवर पालथं घातलं, डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. 'मासोळी' नावाची होडी बंदरातून सुटली. कान्हूनं सुकाणू धरलं. म्हाताऱ्या भिकाजी खलाशानं भाताचं पातेलं चढवलं आणि कपाळावर हात मारला. मीठ घरीच राहिलं होतं.

बुवा खो खो हसले.

"मीठ विसरला? दर वेळी विसरतो?"

"प्रत्येक भागात, महाराज."

"भला माणूस दिसतो. हं, पुढे."

त्र्यंबकराव पुढे म्हणत गेले. वारा पडला, बेटावरचा दिवा दिसेनासा झाला, पाण्याचा रंग बदलला. कुठे अडखळणं नाही, कानामात्रेची चूक नाही.

"पुरे," बुवा म्हणाले. "काय वाटलं?"

त्र्यंबकरावांनी डोळे उघडले.

"...काहीच नाही."

त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पाढे म्हणावेत तसं झालं होतं. शब्द तेच, क्रम तोच, आणि आत काही हललं नव्हतं. मग रोज दुपारी गोठ्यामागे जे होतं ते काय होतं?

"आता उघड," बुवा म्हणाले. "वाच. मोठ्यानं."

त्र्यंबकरावांनी पुस्तक उघडलं. वाचू लागले. तेच बंदर, तीच होडी. पण आवाज जरा उतरला होता, आणि पहिल्याच परिच्छेदात मघाचा तो प्राध्यापक कुठे गेला कोण जाणे. पान संपलं. थोड्या वेळानं त्यांनी ते उलटलं. दुसरं संपलं. थोड्या वेळानं उलटलं.

"का थांबलास?"

"थांबलो? नाही, महाराज."

"बरं. वाच."

वाचलं. पान संपलं.

"आता का थांबलास?"

"थांबलो नाही हो! उलटतच होतो..."

"बोटाकडे बघ."

त्र्यंबकरावांनी पाहिलं. उजव्या हाताचं बोट पानाच्या खालच्या कोपऱ्याखाली गेलेलं होतं. कोपरा किंचित उचललेला. आणि बोट तिथंच होतं. उलटत नव्हतं, मागेही येत नव्हतं.

ते त्या बोटाकडे बघत राहिले... धुनीतलं एक लाकूड खचलं.

"श्रीपू," ते म्हणाले.

बुवांनी मान वर केली.

"माझा धाकटा भाऊ. श्रीपाद. वडील साखर कारखान्यात होते. कॉलनीतल्या वाचनालयात प्रत्येक भागाची एकच प्रत असायची, आणि आमच्या घराला एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. दोघांनाही थांबायची तयारी नाही. मग खिडकीखाली चटई टाकायची, पालथं पडायचं, एका उशीवर दोन हनुवट्या. तो डावीकडे, मी उजवीकडे. पान उलटायचं काम माझ्याकडे. मी भराभर वाचायचो. तो सावकाश. ओठ हलवत वाचायचा गाढव! मी पानाच्या शेवटी पोचायचो आणि बोट घालून थांबायचो. वरून पंखा कुरकुरायचा. त्याच्या तोंडाला शेंगदाण्यांचा वास यायचा. मी वैतागायचो, महाराज. पण थांबायचो."

"मग?"

"मग काय... मोठे झालो. तो इंदूरला गेला, भांड्यांचं दुकान काढलं. लग्नाकार्यात भेटायचो. तुझी शुगर किती, माझे गुडघे कसे, तिकडे प्लॉटला काय भाव चाललाय. कान्हूचं नाव कधी निघालं नाही. खूपदा तोंडावर यायचं माझ्या. वाटायचं, हसेल मला. एवढा मोठा प्राध्यापक आणि काय हे."

"हसला असता?"

"कुणास ठाऊक. आता कसं कळणार?"

"का? कुठे असतो?"

"गेला ना, महाराज! मी इथे आलो त्याच्या आदल्याच वर्षी. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस," बुवा म्हणाले. "डोळ्यातून टिपूस आलं नाही म्हणालास. सख्खा भाऊ गेला आणि मन हललं नाही, म्हणजे वैराग्य पक्कं झालं, आता दीक्षा द्या, म्हणालास."

त्र्यंबकरावांनी मान खाली घातली. बोट अजून पानाखालीच होतं.

"मला वाटलं होतं तसं."

"हं."

"मला कान्हू नकोय, महाराज," त्र्यंबकराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज पार फाटला. "मला तो हवाय. बाकी जिथे जिथे तो आठवतो तिथे आम्ही दोन म्हातारे आहोत, समोरासमोर चहा पीत बसलेले, बोलायला काही नसलेले. फक्त इथे तो माझ्या शेजारी आहे. मागे राहिलाय, आणि मी त्याच्यासाठी थांबलोय. त्याला अजून पुढची गोष्ट कळायचीय. हे जाळलं तर... थांबायचं कुठे मी?"

एवढं बोलून साठी उलटलेला तो माणूस ओक्साबोक्शी रडला. भाऊ गेला तेव्हा टिपूस आलं नव्हतं, ते सगळं साठून राहिलेलं रडणं होतं ते. मठातल्या गाई माना वळवून बघायला लागल्या. बुवांनी थांब म्हटलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. धुनीत एक लाकूड सरकवलं आणि बसून राहिले.

अंगणातून गोपाळदासांची हाक आली. ते बुवांचे जुने शिष्य, विधीची तयारी त्यांच्याकडे असे.

"बुवा! ऊन आलं हो पायरीपर्यंत!"

त्र्यंबकरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. पुसलं तशी बैठक पुन्हा ताठ झाली. सवय कुठे जाते!

"कळलं, महाराज," ते म्हणाले. "आसक्ती कुठे आहे ते कळलं. आता सोडायला हरकत नाही. घ्या, देतो मी धुनीला. इतकी वर्षं या दिवसासाठी काढलीत."

पुस्तक मिटायला त्यांनी हात उचलला. 

"मिटू नकोस," बुवा म्हणाले.

बुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, आई गं, देवा रे करत उठले. धुनीला वळसा घालून अलीकडे आले आणि चटईपाशी उभे राहिले. त्र्यंबकराव चटईच्या पार उजव्या कडेला बसले होते. डावीकडे एका माणसापुरती जागा मोकळी होती. मठात आल्यापासून ते कुठल्याही चटईवर तसेच बसत आले होते, आणि आजवर ते त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

बुवा त्या जागेत बसले. अगदी खेटून. कमरेचा चष्मा काढला, दोऱ्याची गाठ कानामागे अडकवली आणि पुस्तकावर वाकले.

त्र्यंबकरावांना काय करावं ते सुचेना. त्यांनी पान धरून ठेवलं. अंगणातलं ऊन पायरी चढून धुनीच्या ओट्याकडे सरकलं. गोपाळदास दारात येऊन उभे राहिले, आतलं बघितलं, आणि हाक मारायला उघडलेलं तोंड मिटून तसेच उभे राहिले.

ते पान त्र्यंबकरावांचं कधीच वाचून झालं होतं. बोट कोपऱ्याखाली होतं.

"महाराज..." ते अगदी हळू म्हणाले. "मुहूर्त टळतोय."

बुवांचं बोट ओळीखालून सरकत होतं.

"टळू दे रे," बुवा म्हणाले. "थांब जरा... माझं व्हायचंय अजून."