टिटवीचे चार खडे

फार दिवसांपूर्वी एका माळावर टिटवी आपली चार अंडी उबवीत होती. त्याच माळावरून सिंहराजाला गाड्यांचा रस्ता काढायचा होता. पाहणीला आलेला कोल्हा गाडीतून न उतरताच लिहून गेला, "माळ रिकामा आहे. चार खडे तेवढे दिसले."

टिटवीने आपल्या धन्याला अंड्यांवर बसवलं, देवाचं नाव घेतलं आणि ती न्याय करणाऱ्या कासवआजोबांपुढे उभी राहिली.

"अगं बाई, चार खड्यांसाठी राजाचा रस्ता अडवतेस?" कोल्हा हसला.

"रस्ता हवा की नको, ते मी ठरवत नाही," आजोबा म्हणाले. "पाहणी नीट झाली का, एवढंच बघतो. चला माळावर."

"तुम्ही पोचेपर्यंत रस्ता जुना होईल, आजोबा!"

आजोबा तीन दिवस चालले, कोल्हा गाडीतून मागोमाग आला. माळावर पोचून त्यांनी एका 'खड्या'ला कान लावला. आतून टकटक झाली, कवच तडकलं आणि इवलीशी चोच बाहेर आली.

"कोल्होबा, तुमच्या खड्याला भूक लागलीय," आजोबा म्हणाले. "हा कागद रद्द. पुन्हा पाहणी करा, आणि या खेपेला पायी."

कोल्हा गाडीतून उतरला. पुढे रस्ता झाला, पण माळाला वळसा घालून. टिटवी चारही पिल्लांना घेऊन आनंदाने माळभर ओरडत हिंडली. तिचं गाऱ्हाणं जसं ऐकलं गेलं, तसं तुमचंआमचंही ऐकलं जावो.