भोगीची उरलेली भाजी

सिंदफणेच्या काठी सावळेघाट नावाचे गाव. पौषात तिथे नदीवरून असे धुके उठते की दिवस चांगला वर आला तरी घरे अर्ध्या झोपेतच दिसतात. त्या गावाला साधूही तसाच लाभला. निवांतगीर महाराज मठाच्या ओट्यावर घोंगडी पांघरून, डोळे मिटून बसत. नवख्याला वाटे, बाबा पेंगताहेत. पण भाविकहो, महाराज मिटल्या डोळ्यांनी जेवढे पाहत तेवढे तुम्हा-आम्हाला उघड्या डोळ्यांनी जन्मभर दिसायचे नाही!

मठात भोगीची एक रीत होती. घराघरांतून भोगीची भाजी येई आणि महाराज ती सगळी एकाच काहिलीत ओतायला लावत. पाटलाची, तेल्याची, कोळ्याची, चांभाराची, सगळी एकत्र. वांगी, गाजर, पावटा, सोलाणे आणि वरून तिळाचा कूट. त्याच काहिलीतून सगळ्यांची पाने वाढली जात.

भागीरथीबाई देशमुखीण यांना ही रीत मुळीच पसंत नव्हती. त्यांच्या हाताला चव होती, हे कबूल केले पाहिजे. पण त्या चवीचा तोराही मोठा होता. एका भोगीला त्यांनी महाराजांपुरती भाजी चांदीच्या वाटीत घालून गड्याबरोबर धाडली. महाराजांनी काहिलीकडे बोट दाखवले. "आमच्या चुलीवरचं असल्या काल्यात पडायचं नाही," असे बाईंनी गड्याला आधीच बजावलेले होते. त्याने वाटी तशीच परत नेली.

खरे तर त्या घरावर तेव्हा मोठे संकट होते. एकुलती लेक द्वारका माहेरी आली ती तापाने अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. पेजेचा घोट घशाखाली उतरेना. भिंतीकडे तोंड करून पोर दिवसभर पडून राही. वैद्यांनी स्पष्टच सांगितले, "माझं औषध संपलं. पोटात अन्न गेलं तर पोरगी राहील."

संक्रांतीच्या सकाळी ठकूबाई मठात काहील घासायला बसली. विधवा बाई, मागेपुढे कुणी नाही. महाराजांची सेवा हाच तिचा संसार. काहिलीच्या तळाशी थोडी भाजी उरलेली होती. थंडीचे दिवस, भाजी चांगली राहिली होती. एवढ्या बायांनी निवडली, चिरली, शिजवली, ती उकिरड्यावर टाकायला तिचा हात होईना. तिने भाजी परातीत काढली, हाताने कुस्करली, त्यात ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, तीळ आणि हिरवी मिरची घालून मळायला घेतली.

तेवढ्यात भागीरथीबाई गूळपोळ्यांचे ताट घेऊन आल्या. लेकीसाठी अंगारा मागायचा होता. परात दिसली आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

"ठके, ही कालची भाजी ना गं?"

"व्हय बाईसाहेब. थालीपीठ थापते म्हाराजांना."

"वर्षाचा सण, आणि महाराजांच्या पानात शिळं? खरकटी काढण्यात जन्म गेला तुझा, तुला काय कळणार म्हणा."

"उष्टं न्हाई वो. पानात न वाढलेलं, काहिलीतलं हाय."

"शिळं ते शिळंच."

ठकूबाईचे हात पिठातच राहिले. डोळे भरून आले. आपले काही चुकले का, हे तिला कळेना. तेव्हा ओट्यावरून, झोपेत बोलावे तसे, महाराज म्हणाले, "ठकू, तवा तापलाय."

तिने ओल्या फडक्यावर थालीपीठ थापले, बोटाने भोके पाडली, तव्यावर टाकून तेल सोडले. खरपूस वास धुक्यात मिसळून गेला. थालीपीठ उतरवून तिने महाराजांपुढे धरले.

"हे माझं नाही," महाराज म्हणाले. "द्वारकेला भूक लागलीय. गरम आहे तोवर घेऊन जा."

"महाराज, पोरीला पेज पचत नाही!" भागीरथीबाई कळवळून म्हणाल्या. पण महाराज पुन्हा आपल्या गुंगीत बुडाले होते. नाही म्हणायचा धीर देशमुखीणबाईंनाही झाला नाही. वाटेत मात्र त्या ठकूबाईला म्हणाल्या, "माझ्या लेकीला काही झालं, तर या गावात तुला उभी राहू देणार नाही."

ठकूबाई पदराखाली ताटली धरून मागून चालली. पायाखालची वाट दिसत नव्हती. कुठे तीळ भाजत होते, कुठे जाते फिरत होते. आवाज येई, घर दिसत नसे. आपण चालतो आहोत की कुणी हाताला धरून नेते आहे, हेच तिला समजेना. महाराज, माझं काही होवो, पोरीला सांभाळा, एवढेच ती मनात म्हणत राहिली.

माजघरात पाऊल टाकले आणि दोघी थबकल्या. भिंतीकडे तोंड करून निजणारी द्वारका उठून बसली होती.

"आई, ते गोसावी कुठं गेले?"

"कोण गोसावी?"

"आत्ता उशाशी बसले होते. घोंगडी होती अंगावर. पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ऊठ बाळ, गाव तुला भेटायला आलंय."

महाराज तर ओट्यावरून हलले नव्हते! ठकूबाईने ताटली पुढे केली. द्वारकेने तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिली.

"हा पावटा कोंडाकाकूंचा. त्या ओवा घालतात." दुसरा तुकडा मोडला. "हे गाजर कोळ्यांच्या मळ्यातलं. आणि तिळाचा कूट राजाक्काचा, नेहमीसारखा जरा जास्त भाजलेला." ती हसली. परकर-पोलक्यात या सगळ्या घरांचे उंबरे तिने ओलांडले होते, सगळ्यांच्या चुलीपुढे बसून खाल्ले होते. काहिलीत एक झालेल्या, पिठात मळून गेलेल्या भाजीतून तिला एकेक घर ओळखू येत होते. खाता खाता थालीपीठ संपले.

बोटे चाटत तिने सहज विचारले, "आई, यात तुझी भाजी कुठं लागली नाही गं?"

भागीरथीबाई तशाच मागे वळल्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या, शिंक्यावरची चांदीची वाटी काढली आणि डोक्यावरचा पदर घसरल्याचेही भान न ठेवता मठाकडे निघाल्या.

महाराजांनी डोळे उघडले. "काय आणलंस, माय?"

"शिळी भाजी आणलीय, महाराज," त्या म्हणाल्या.

मागून आलेली ठकूबाई परातीशी बसून उरलेले पीठ मळू लागली होती. भागीरथीबाईंनी वाटी स्वतःच्या हाताने त्या परातीत उपडी केली.

"ठकू, पीठ थोडं वाढव," महाराज हसून म्हणाले. "देशमुखांची भाजी जरा तिखट असते."

भागीरथीबाई महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकल्या. महाराजांनी पाय मागे घेतले आणि नुसते परातीकडे पाहिले. तेव्हा त्या ठकूबाईपुढे गुडघे टेकून बसल्या आणि पिठाने माखलेले तिचे दोन्ही हात त्यांनी आपल्या कपाळाला लावले.