वीणेचा पहारा

“...आणि सगळे रिपोर्ट चांगले आले असतील बुवा, तर मग हे दुखतंय ते काय?”

मच्छिंद्रने हे विचारलं तेव्हा तो देवळात वीणा घेऊन उभा होता. गावात हरिनामाचा सप्ता चालू होता. सप्त्यात वीणा जमिनीला टेकत नाही आणि थांबतही नाही. पहारा संपला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. बाहेर दुपारची पंगत बसली होती. आत दोघंच. समोर खांबाला टेकून धोंडीबुवा बसले होते. मच्छिंद्रच्या गळ्यात लहानपणी माळ घातली ती त्यांनीच.



दुखणं येतं हत्तीच्या पावलाने आणि जातं मुंगीच्या, असं म्हणतात. मच्छिंद्रचं आलं कधी तेच कुणाला कळलं नाही, आणि जायचं नाव ते काढत नव्हतं. सकाळी मान, दुपारी कंबर, संध्याकाळी पोटऱ्या. रात्रभर झोपून उठला तरी अंग कुणी तुडवून काढल्यासारखं. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. शहरातल्यांनी फोटो काढले, मशीनच्या नळकांड्यात निजवलं, आणि हसतमुखाने सांगितलं की तुम्हाला काहीही झालेलं नाही. या आनंदाच्या बातमीवर पेढे वाटावेत की रडावं, हे त्याला ठरवता येईना.

गावाने मात्र लगेच ठरवून टाकलं. सोंग आहे, म्हणाले. बायको कलिंदा तसं काही बोलत नसे; पण तेल चोळताना हल्ली तिच्या हातालाही शंका येते, असं त्याला वाटायचं. सगळ्यात वाईट म्हणजे, त्याला स्वतःलाही येऊ लागली होती.

म्हणून यंदा त्याने हट्टाने वीणा घेतली. पूर्वी तो एकामागून एक पहारे उभा राहायचा, आणि त्याचा ताठाही मिरवायचा. उभं राहता आलं तर दुखणं खोटं, कोसळलो तर खरं, असा त्याने मनाशी निकाल लावला होता. बदलीला आलेल्या वामनला त्याने मानेनेच परत धाडलं. आता गंमत अशी, की तो कोसळतही नव्हता आणि त्याला उभंही राहवत नव्हतं.

“खोटं असेल तर तसं सांगा,” तो म्हणाला. “आजपासून कण्हणार नाही.”

“आणि खरं असलं तर?”

“तर... तर घरी जाऊन निजतो. कुणाच्या बापाला भीत नाही.”

“मी खोटं म्हणालो, तर तुझी कंबर ऐकेल?”

मच्छिंद्रची बोटं तारांवर फिरत राहिली.

“मलाच कळत नाही, बुवा. डॉक्टर खोटं बोलत नाहीत. मीही बोलत नाही. मग...”



बुवा उठले. त्यांचं उठणं म्हणजे एक कामच होतं. आधी काठी, मग खांब, मग एक गुडघा, मग दुसरा. उठून ते मच्छिंद्रपाशी आले, काठी खाली ठेवली, आणि वाकून त्याच्या पायांवर डोकं टेकवलं.

मच्छिंद्र चरकला. “बुवा, हे काय करता?”

“वीणा घेतोय.”

रीतच ती. बदलीला येणारा आधी वीणेकऱ्याच्या पाया पडतो, मग तो कितीही थोर असो. आणि पाया पडला की वीणा द्यावीच लागते. म्हणूनच तर मच्छिंद्रने वामनला वाकूच दिलं नव्हतं.

“तुम्हाला उभं राहवत नाही, बुवा.”

“नाहीच राहवत. आण.”

मच्छिंद्र त्यांच्या पाया पडला. तार वाजती ठेवत पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेला. गुरूचा हात लागला, आता काहीतरी होईल, असं त्याला वाटलं. झालं काहीच नाही. कंबर होती तशीच ठणकत होती. त्याला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा, ते समजेना.

बुवांचे पाय लटपटत होते. वीणा चालू होती.

“मला नक्की काय होतंय, हे तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत,” तो म्हणाला.

“वीणा घेताना कुणी विचारतं का?”

मच्छिंद्र तिथेच उभा राहिला. पंगतीतून वाढप्यांचे आवाज येत होते. मग कितीतरी महिने त्याला आतून जे कुरतडत होतं ते तो बोलला, अगदी हळू.

“आणि बुवा... मी खरोखरच सोंग करत असलो तर?”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

“मग सोंगही दमलं असेल. बस खाली.”