शाहबंदर आणि रिकामं जहाज

मलायाच्या सामुद्रधुनीवर एक बंदर होतं, इतकं श्रीमंत की तिथल्या धुक्यालाही लवंगेचा वास यायचा. अशाच एका धुकट सकाळी नाखवा सेगारचं जहाज आपलं आपण धक्क्याला लागलं. शिडं नीट बांधलेली, चुलीवरचा भात अजून गरम, आणि माणूस एकही नाही.

बंदराचा अधिकारी, शाहबंदर दामर, मनातून खूश झाला. "ज्या जहाजावर कोणी नाही, ते बंदराचं. राजाचा कायदाच आहे तसा," तो म्हणाला. "उतरवा माल."

हमाल जहाजावर चढायच्या फळीपर्यंत गेले आणि थबकले. वर कोणीतरी खोकलं होतं. दामरने कितीही दम भरला तरी एकजणही पाऊल टाकेना.

सेगारची बायको मायांग गर्दीतून पुढे आली. जहाजात भरलेल्या लवंगा गेल्या तर तिची पोरं उघड्यावर येणार होती. ती शांतपणे म्हणाली, "वर कोणी नाही ना, शाहबंदर? मग तुम्हीच चढा."

दामरने फळीवर पाय ठेवला. वरून पुन्हा खोकला ऐकू आला. त्याने पाय मागे घेतला.

"वर कोणी नसेल, तर तुम्ही घाबरलात कोणाला?" मायांगने विचारलं. "आणि कोणी असेल, तर जहाज तुमचं कसं?"

सगळा धक्का दामरच्या तोंडाकडे बघत होता. तो मान खाली घालून निघून गेला.

मायांग एकटीच वर चढली. लवंगेचं पोतं उचलायला एरवी दोघं लागतात. तिने एक बाजू धरली, तशी दुसरी आपसूक वर आली.