सातव्या झेंड्याचं पाणी

रांजणमाळाच्या गोल्फच्या मैदानावर सातव्या खळग्यापाशी आलात की एक गंमत दिसते. एरवी चेंडू खळग्याजवळ पोचला, की खेळणारे त्यातला झेंडा उपटून बाजूला ठेवतात. इथे भल्याभल्यांचा हात झेंड्याला लागत नाही. गाडीतून उतरायलाही ज्यांना माणूस लागतो, ते साहेब इथे स्वतः वाकतात, बाटलीतलं घोटभर पाणी झेंड्याच्या बुडाशी ओततात आणि मगच खेळायची काठी हातात घेतात. का, असं विचारलं तर 'प्रथा आहे' म्हणतात. पाहुण्यांनो, टोप्या झकास आहेत तुमच्या, पण जरा सावलीत या नि ऐका. साहेबांना ठाऊक नसलेलं म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. निदान म्हातारे तसं ठोकून तरी देतात.

फार वर्षांपूर्वी हा माळ उघडा होता म्हणे. मधोमध एक झरा आणि झऱ्याकडे जाणारी मेंढरांची वाट. दिवाळी सरली की म्हाकू धनगरीण कळप घेऊन इथे येई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. जे काय होतं ते मेंढरं. आणि आसपास कोसभर दुसरं पाणी नव्हतं.

त्याच सुमारास संस्थानच्या राजेसाहेबांनी विलायतेहून गोल्फचं खूळ आणलं. शेजारच्या राजाकडे पोलोचं मैदान, मग आपल्याकडे त्याहून मोठं काहीतरी नको? साऱ्या हिंदुस्थानातले खेळाडू चषकासाठी इथे यावेत असा बेत ठरला. आखणीला हॅलम नावाचा गोरा साहेब आला. त्यानं माळभर वेळूच्या काठ्या रोवून तांबडे झेंडे लावले. जिथे झेंडा, तिथे खळगा.

आता माळावर तांबडा झेंडा दिसल्यावर गावच्या बायका काय समजणार? देवाचं ठाणं. दुसऱ्या सकाळी काठीकाठीला हळदकुंकू, बुडाशी नारळाची शकलं. साहेबाचं मन मात्र एका जागी ठरेना. वारा बघून, उतार बघून तो झेंडा उपटे नि दुसरीकडे रोवे. बायका नैवेद्य घेऊन येत, तर देव हललेला. कालचा नवस आज कुठे फेडायचा, यावरून जावाजावांत अबोले धरले गेले.

म्हाकूला हसू येत नव्हतं. झऱ्याचं तळं करून, भोवती तार ओढून ते खेळातला अडथळा म्हणून ठेवणार, हे तिला कळलं होतं. ती संस्थानच्या कारभाऱ्यांकडे गेली. ते म्हणाले, राजेसाहेबांना विचार. राजेसाहेब भला माणूस. त्यांनी तिला गूळपाणी दिलं आणि सांगितलं, की साहेबांनी नकाशा काढला, आता आमच्याही हातात काही नाही. ती साहेबाकडे गेली. त्याला मराठी येत नव्हती. त्यानं तिच्या कोकराला थोपटलं आणि नकाशा उलगडून दाखवला. त्यात झरा निळा रंगवला होता. वाट नव्हतीच.

मग उरला देव. झऱ्याजवळच्या झेंड्यापाशी तिनं नवस बोलला, मेंढरांची वाट राहू दे, तुला घोंगडं पांघरीन. पण थंडी कडक पडलेली. उघडा देव वाऱ्यात फडफडतोय हे तिला बघवेना, म्हणून अंगावरचं घोंगडं तिनं आगाऊच काठीला गुंडाळलं. मेंढरांना तो वास ओळखीचा. घोंगडं तिथे मालकीण, असं समजून अख्खा कळप झेंड्याभोवती बसला, तो रोज बसूच लागला.

साहेब झेंडा हलवायला आला. गडी म्हणाले, पांघरूण घातलेल्या देवाला आम्ही हात लावायचे नाही. मेंढरांनी तर साहेबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी त्यानं खळगा तिथेच ठेवला आणि नकाशा वाकवला. मेंढरं बसून बसून जमीन खचली होती, तिथे वाळू भरली. आज मोठमोठे खेळाडू त्या वाळूत फसतात आणि जाणकार लोक साहेबाच्या कल्पकतेची तारीफ करतात. करू द्यात.

झेंडा राहिला. वाट मात्र राहिली नाही. चैत्रात तळ्याला तार पडली. मेंढरं तारेला तोंडं लावून उभी राहिली, पलीकडे पाणी चमकत होतं. म्हाकू पहारेकऱ्याशी भांडली नाही. जवळच्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी तिनं कोकरांना ओंजळीनं पाजलं आणि तळाशी उरलेला घोट घेऊन झेंड्यापाशी आली.

"बाबा, तुला तरी कुठं इचारलं त्यांनी? आज हितं, उद्या तितं. तुझं बी माझ्यावानीच झालं. घे, घोटभर पी. आमचं बघू म्होरं."

पाणी ओतून ती कळपामागे माळ उतरली. काठीचं घोंगडं तिनं सोडून घेतलं नाही, तिथेच ठेवलं. पुढे ती कुठे गेली, कुणाला सांगता येत नाही. त्या उन्हाळ्यात तळ्याचं पाणी शिंपूनही साहेबाचं सगळं गवत करपलं, हिरवी राहिली ती झेंड्याच्या बुडाची तळहाताएवढी जागा, असं सांगतात. तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातून तिथे पाणी पडू लागलं.

आजही पडतं. चषकाच्या शेवटच्या दिवशीही खेळणारा वाकतो, पाणी ओततो, आणि त्या ओल्या गवतावर त्याचा चेंडू खळग्याच्या अलीकडेच थांबतो. तो हळहळतो, लोक हळहळतात. तळ्याभोवतीची तार मात्र आजही तशीच आहे. ती काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. घोटभर पाणी तेवढं सगळे ओततात.