ताजा निरोप

ढवळगडच्या उदाजीराजांनी आणखी एका निरोप्याची अर्धी मिशी उतरवली! आठवड्यातली ही दुसरी.

मागे एकदा राजांना शिंका आल्या. तसा निरोप दोन दिवसांच्या वाटेवर, पिंपळगडच्या व्याह्यांकडे गेला. व्याही सर्जेराव कडू काढ्याची घागर घेऊन धावत आले. तोवर शिंका कधीच थांबल्या होत्या आणि राजे तलावात मजेत पोहत होते! पण व्याह्यांचा मान मोडायचा कसा? बिचाऱ्या राजांना अख्खी घागर प्यावी लागली. त्याच दिवशी फर्मान निघालं, "निरोप माझ्याच शब्दांत सांगायचा, आणि सांगाल त्या क्षणी तो खरा असला पाहिजे!"

निरोप्याने घुंगरकाठी आपटली की त्याच्या तोंडून निरोप धाडणाराच बोलतो, अशी गडाची रीत. राजांनी मुद्दाम निरोप दिला, "व्याह्यांना सांगा, मी आत्ता खदाखदा हसतोय!"

पहिल्या निरोप्याने पिंपळगडला जाऊन तो जसाच्या तसा सांगितला. तो परतल्यावर, दिवसभर वही घेऊन राजांच्या मागे फिरणाऱ्या चिटणिसांनी निरोप सांगितल्या वेळेचं पान उलटलं. त्या वेळी राजे दाढ धरून विव्हळत होते. खोटा निरोप! दुसऱ्याने शहाणपणा केला, "राजे हसत होते," म्हणाला. शब्द बदलला! उतरवा मिशी!

आता पाळी रायबाची. गडावरचा सगळ्यात जुना निरोप्या. मिशी अशी की दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावं! हुकूम ऐकताच त्याने काठी टाकून दोन्ही हातांनी मिशी झाकली. त्याची घुंगरकाठी उचलून त्याची मुलगी हौसा पुढे झाली.

"म्या जाते, महाराज."

"आणि चुकलीस तर?"

"कापा की माझी मिशी!"

दरबारात खसखस पिकली. राजे गुरगुरले, "तुझ्या बापाची कापीन! अर्धी नव्हे, पुरती! काठीही काढून घेईन!"

"बरं. व्याहीम्हाराजांच्या कानावर घालायचा, येवढंच न्हवं?"

"त्यांच्याच कानावर!"

पाचव्या दिवशी दुपारी गडावर नगारा वाजला. राजे बघतात तो काय, धुळीने माखलेले सर्जेराव दरबारात हजर! पुढे हौसा.

"व्याही, तुम्ही? निरोप पोचला ना?"

"कसला निरोप!" सर्जेराव करवादले. "ही पोर म्हणते, ढवळगडचा निरोप वाटेत शिळा होतो, ताजा ऐकायचा तर माझ्यासंगं चला! घोड्यावर हाडं खिळखिळी झाली माझी. बोला, काय निरोप आहे?"

राजांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हसू ओठांशी आलं, तसं त्यांनी तोंड गच्च मिटलं. हसलो की पोर जिंकली! दातांतल्या दातांत ते म्हणाले, "सांग की! मी हसत नाहीये! खोटाच ठरेल!"

"घाई न्हाई, महाराज." हौसा खांबाला टेकली. "व्याहीम्हाराज मुक्कामालाच आल्यात. तुमची दाढ दुखती म्हनून काढाबी आनलाय. दोन घागरी!"

राजांचे गाल फुगले. कान लाल झाले.

सर्जेराव काळजीने वाकले. "व्याही, दाढ फारच सुजली हो! दोन्हीकडून!"

चिटणिसांनी लेखणी उचलली. "महाराज, सूज लिहू का?"

फुस्स! राजांच्या तोंडातून हसू असं सुटलं की पगडी घरंगळली. ते मांड्या थोपटत, डोळे पुसत, गादीवर लोळत हसू लागले.

हौसाने घुंगरकाठी आपटली. "व्याहीम्हाराज, निरोप ऐका! 'मी आत्ता खदाखदा हसतोय!'"

"ते दिसतंच आहे की!" सर्जेराव म्हणाले, आणि चिटणिसांनी तसं लिहून घेतलं.

"जिंकलीस, पोरी!" राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं. "आणखी माग!"

"माझ्या बाची मिशी हाय तशी ऱ्हाऊ द्या. अन् त्या दोघास्नी मिशी भरेपातूर भरपगारी रजा!"

"दिली!"

"अहो, माझाही उलट निरोप आहे," सर्जेराव मध्येच ओरडले. "मी आत्ता उपाशी आहे!"

हौसा राजांकडे वळली, काठी आपटली आणि म्हणाली, "'मी आत्ता उपाशी आहे!' घ्या महाराज, ह्योबी ताजाच पोचवला!"

राजे पुन्हा लोळले. पानं वाढायचा हुकूमही त्यांनी हसत हसतच दिला.